मालिकांची फळगळ

भादव्यात वरूडकडच्या कुठल्याही संत्र्याच्या बगीच्यात शिरा, पाऊल टाकायला जागा नसते. झाडाखाली अर्धकच्च्या फळांचा सडा. जानेवारी-फेब्रुवारीत आंबिया बहार फुटला, उन्हाळाभर पाणी विकत घेऊन झाडं जगवली, पावसाळ्यात फवाऱ्यांवर फवारे मारले, व्यापारी बगीचा पाहून सौद्याचं बोलून गेला, आणि आता दोन महिन्यांत तोड म्हणता म्हणता फळ देठापासून सुटतं. टप्प. रात्री खाटेवर पडलं की मोजताही येतात.

परवा अशाच सड्यात उभा होतो. पंचनाम्याला माणूस येणार होता, आला नव्हता. बांधावर आमची मोठीमाय बसलेली. वय अठ्ठ्याहत्तर, दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं, त्यामुळे टीव्ही लख्ख दिसतो. चेहरा एवढासा. मला वाटलं, संत्र्यांचं दुःख. म्हटलं, ‘‘जाऊ दे मोठीमाय, दरसालचंच आहे.’’

‘‘संत्र्याचं कोन बोलून राह्यलं बाप्पा? माही सातची मालिका बंद करून राह्यले ते. शुक्रवारी शेवटचा भाग म्हनते. पोरीचं लगन नाही लागलं, बाप अजून कोमात हाये. याचा पंचनामा कोन करते, सांग बरं.’’

मुद्दा बिनतोड होता. सरकारी मदतीला नुकसान ३३ टक्क्यांच्या वर लागतं. इथं लग्न राहिलं, बाप राहिला, खलनायिकेची शिक्षा राहिली. ३३ टक्के कधीच ओलांडले. शिवाय तिची लागवड पाहा. सात महिने, रोज अर्धा तास, त्यातली दहा मिनिटं जाहिराती. त्या मालिकेपायी तिनं दोन बारशी आणि एक तेरवी अर्ध्यात सोडली. हा खर्च कुणाच्या खात्यात टाकायचा?

संत्र्याच्या गळीला निदान कारणं तरी असतात. शास्त्रज्ञ येतात, चष्मा वर करून सांगतात, ही बुरशीची, ही रस शोषणाऱ्या पतंगाची, आणि ही झाडाला अन्नच पुरलं नाही म्हणून झालेली. मालिकांच्या गळीला वाहिनीकडं एकच उत्तर असतं: कथेचा नैसर्गिक शेवट. नैसर्गिक! बाप कोमात असताना!

खरं कारण सगळ्यांना ठाऊक असतं, टीआरपी. वरूडच्या माणसाला तो समजावून सांगावा लागत नाही, कारण त्याला पैसेवारी ठाऊक आहे. गावातले मोजके प्लॉट निवडायचे, त्यातलं पीक कापून तोलायचं आणि त्यावर अख्ख्या गावाचं नशीब ठरवायचं. पन्नास पैशांच्या आत आली तर दुष्काळ, एक्कावन्न आली तर मजा करा. टीव्हीचंही तेच. २०२०च्या अंदाजात देशात टीव्ही असलेली घरं २१ कोटी, आणि टीआरपी मोजायचं मीटर लागलेली घरं ५० हजारांच्याही आत. खेड्यांची मोजणी तर टीआरपी काढणाऱ्या ‘बार्क’ या संस्थेनं २०१५च्या ऑक्टोबरात सुरू केली. त्याआधी आमच्या खेड्यापाड्यांतली माणसं टीव्हीपुढं रडत होती, पण त्यांची आसवं हिशेबात नव्हती. मीटर कुणाकडं आहे हे गुप्त ठेवतात. मला आजवर मीटरवालं घर भेटलं नाही. पीक कापणी झालेला प्लॉट दाखवणाराही भेटलेला नाही, म्हणून मी तक्रार करत नाही. दर गुरुवारी आकडे येतात आणि मुंबईत कुणाच्या तरी बापाचा कोमा वाढतो किंवा एकदम सुटतो.

गळ होणार हे आधी कळतं. देठ पिवळा पडतो. मालिकेचा देठ म्हणजे तिची वेळ. ‘आता नव्या वेळेत’ अशी पट्टी खालून सरकायला लागली की समजून घ्यावं. साडेआठची साडेसहाला, साडेसहाची रात्री अकराला. आमच्याकडं पेशंटचं असंच असतं. आधी ‘अमरावतीले हलवा’ म्हणतात, मग ‘नागपूरले न्या’, आणि नागपूर म्हटलं की घरचे पाहुण्यांना फोन लावायला घेतात. मग शेवटचा आठवडा. सोमवारी स्मृती परत येते, मंगळवारी हरवलेला भाऊ दारात, बुधवारी खलनायिकेला उपरती, आणि शुक्रवारी सत्यनारायण, सगळे एका फोटोत. सात महिने न सुटलेला गुंता चार दिवसांत मोकळा. सरकारी फायलींना असा शेवटचा आठवडा कधी लागत नाही.

हे झालं मोठीमायच्या मालिकेचं, जिचं नाव मी मुद्दामच घेत नाही. ती पुढच्या वर्षी कुणालाच आठवणार नाही. काही फळं मात्र खरंच चांगली होती हो. १९९९ साली अल्फा मराठी वाहिनी नवीकोरी असताना प्रतिमा कुलकर्णींची ‘प्रपंच’ आली. एकत्र कुटुंब, आणि भांडणं घरातल्या भांडणांएवढीच. कुणी कुणाच्या दुधात काही कालवत नाही, जिन्यावर तेल सांडत नाही. ज्यांनी ती पाहिली ते अजून तिच्याबद्दल लग्नात हरवलेल्या चपलेसारखं बोलतात: तसा जोड पुन्हा मिळाला नाही. ‘दिल दोस्ती दुनियादारी’ २०१५च्या मार्चात आली, २०१६च्या फेब्रुवारीत गेली. मुंबईतला ‘माजघर’ नावाचा फ्लॅट आणि त्यात सहा पोरं-पोरी. वरूडची जी पोरं पुण्याला कंपनीत लागली, त्यांच्या आयांना ‘फ्लॅटवर राहतो’ म्हणजे काय असतं ते या मालिकेनं दाखवलं. ती संपली आणि आया पुन्हा काळजीला लागल्या. पुढं २०१७ला तेच कलाकार घेऊन ‘दिल दोस्ती दोबारा’ काढली, पण पात्रं नवी, घर नवं. लोक आपले माजघराचं दार शोधत राहिले. ‘अग्निहोत्र’चं त्याहून वाईट. २००८ची पहिली मालिका, नाशिकचा वाडा, आठ गणपती, लोक अजून त्यावर बोलतात. तिचा दुसरा भाग २०१९च्या डिसेंबरात आला आणि २०२०च्या मार्चात आटोपला, सारा महाराष्ट्र घरात कोंडला जायच्या अगदी तोंडावर. पाहायला माणसं बसली तेव्हा दाखवायला काही नव्हतं.

तर मोठीमायची भरपाई. अर्धी मालिका पुरी करा, अशी मागणी मान्य झाल्याचा दाखला आहे, आणि तो लहानसहान नाही. रामानंद सागरांचं ‘रामायण’ मुळात ५२ भागांचं ठरलं होतं. वाढत वाढत ७८ झाले आणि ३१ जुलै १९८८ला ते राज्याभिषेकावर थांबलं. उत्तरकांड नाही, लव-कुश नाहीत, म्हणजे वाल्मीकींचा आश्रमही नाही. उत्तर भारतात वाल्मीकींना आपलं मानणाऱ्या सफाई कामगारांनी संप केला. पुढची कथा दाखवा, मग झाडू उचलतो. रस्त्यांवर कचरा साचायला लागला तशी दिल्लीला उत्तरकांडाची गोडी कळू लागली, आणि ‘उत्तर रामायण’ पडद्यावर आलं. टीआरपीचं मीटर नव्हतं. एक झाडू खाली ठेवला, एवढंच.

दुसरा दाखला अमेरिकेचा. २००७ साली तिथं ‘जेरिको’ नावाची मालिका बंद केली. शेवटच्या भागात शत्रू शरण या म्हणतो आणि नायक ‘नट्स’ एवढंच उत्तर देतो. झालं, चाहत्यांनी वाहिनीच्या कचेरीवर शेंगदाणे पाठवायला सुरुवात केली. थोडेथोडके नाहीत, वीस टनांच्या आसपास. वाहिनीनं हात टेकले आणि आणखी सात भाग काढले. ते दाखवून झाल्यावर मालिका पुन्हा बंद केली, तो भाग वेगळा.

वीस टन म्हणजे आमच्याकडचे दोन ट्रक. हे मी मोठीमायला सांगितलं तेव्हा तिनं झाडाखाली पाहिलं आणि मी तिच्याकडं. बांगलादेशानं आयातशुल्क वाढवत वाढवत किलोमागं ८८ रुपयांवर नेलं तेव्हापासून वरूडची संत्री तशीही नवा पत्ता शोधतच आहेत. मुंबईतल्या वाहिनीचा पत्ता काय वाईट आहे? भीती एकच. ती संत्री पाहून कुणाच्या तरी डोक्यात ज्यूस करायच्या स्पर्धेचा रिॲलिटी शो यायचा, आणि मोठीमायची सातची वेळ त्यालाच जायची.

तसं पाहिलं तर अर्ध्यात तुटण्याची आम्हाला सवय आहे. २००७ ते २००९ हे ‘असंभव’चे दिवस होते आणि भारनियमनाचेही. सतीश राजवाडेंची मालिका, पुनर्जन्म, वाडा, आणि सुलेखा. सुलेखानं काही कुटिल करायला हात उचलला की फट्. अंधार. मोठीमाय कंदीलही न लावता तशीच बसून राहायची, कारण रस्त्यापलीकडची ओळ दुसऱ्या फीडरवर होती आणि तिथं वीज असायची. पलीकडच्या काकू टीव्ही पाहता पाहता खिडकीतून ओरडायच्या, ‘‘आता ते जिन्यावर गेली वो!’’

‘‘कोन?’’

‘‘सुलेखा!’’

‘‘मंग?’’

‘‘मंग जाहिरात लागली!’’

जाहिरातीतसुद्धा काकू गप्प बसत नसत, साबणाचा रंग सांगत. राहिलेला तपशील दुसऱ्या दिवशी विरजणाच्या वाटीबरोबर यायचा. त्या दोन वर्षांत मोठीमायनं जेवढी ‘असंभव’ पाहिली, त्याच्या दुप्पट ऐकली. पुढं मी ते भाग इंटरनेटवर शोधून पाहिले आणि जरा निराशच झालो. काकूंच्या ‘असंभव’मध्ये दोन खून जास्त होते.

आणि जे गळायला हवं ते मात्र गळत नाही. संत्र्याच्या झाडावर वाळलेल्या काड्या राहतात, त्याला आम्ही सल म्हणतो. सल वेळेवर काढली नाही की तिच्यावरची बुरशी पुढच्या बहाराला खाते. ‘चार दिवस सासूचे’ २००१ला लागली ती २०१३ला संपली. भाग तीन हजारांच्या वर, नावात दिवस चार. ‘माझ्या नवऱ्याची बायको’चं जास्त लागलं, कारण ती आमचीच होती. राधिका नागपूरची. ज्या बोलीला पडद्यावर आजवर हवालदार, गडी नाहीतर हशा एवढ्याच जागा होत्या, ती नायिकेच्या तोंडी आली. २०१६चं ते पहिलं वर्ष मोठीमाय मान ताठ करून टीव्हीपुढं बसली. पुढं राधिकेनं मसाले विकून कोटींची कंपनी उभी केली. आमच्या तालुक्यात शंभर वर्षं संत्री आहेत, इथं अजून कुणाला ते साधलं नाही. तिचा नवरा गुरुनाथ आता सुधारेल, मग सुधारेल म्हणता म्हणता २०२१ उजाडलं. मधेच केव्हा तरी मोठीमायनं रिमोट खाली ठेवला होता. ‘‘वाळलेल्या झाडाले येवढं पानी कायले देऊन राह्यले?’’

पाण्यावरून आठवलं. संत्र्याला बहार धरायचा तर आधी ताण द्यावा लागतो. महिना-दीड महिना पाणी तोडायचं, पानं मलूल पडू द्यायची, मग पाणी सोडलं की झाड फुलतं. आंबिया आणि मृग असे दोन्ही बहार एकाच झाडावर घेणारा लोभी माणूस थोड्याच वर्षांत ते झाड सरपणाला विकतो. वाहिन्यांना सोमवार ते शनिवार बाराही महिने बहार हवा, आणि वर रविवारी महाएपिसोड. लेखकाला ताण असतो, पण तो वेगळा. जसपाल भट्टींनी १९८९ला ‘फ्लॉप शो’ केला, त्याचे भाग किती? दहा. आजच्या हिशेबानं दोन आठवडेसुद्धा नाहीत. ‘अजून हवा होता’ असं त्याच्याबद्दल सगळे म्हणतात. मीही म्हणायचो, आता म्हणत नाही, ‘चार दिवस’ पाहिल्यापासून.

मोठीमायला हे पटत नाही. तिचं म्हणणं, ताण देऊन झाल्यावर पाणी सोडायला कुणी तरी परत येतं. इथं बगीचाच विकून मोकळे होतात.

पंचनाम्याचा माणूस शेवटी साडेपाचला आला. मोटारसायकल बांधाला टेकवली, मोबाईलवर फोटो काढले, झाडांचं वय विचारलं, एका झाडाखालची फळं पायानं सारून मोजली. ‘‘नुकसान किती धरू जी?’’ असं मला विचारत होता, तेवढ्यात मोठीमायनं आपला विषय काढला.

त्यानं मोबाईल खाली घेतला. ‘‘सातवाली? आमच्या घरी बी पाह्यते थे. बंद होऊन राह्यली?’’

‘‘शुक्रवारी.’’

‘‘अन् तिचा बाप?’’

मोठीमायनं पदर सावरला, बांधावर जरा सरकून त्याला जागा करून दिली. तिच्या हिशेबानं बाप गुरुवारी रात्री डोळे उघडतो, पण पोरीला ओळखत नाही. ओळखतो तो आधी होणाऱ्या जावयाला, कारण त्याची जुनी भानगड आहे. कुठली भानगड, हे सांगायला तिला अर्धा तास लागला. दिवेलागणीला लग्नाची पंगत बसली तरी फॉर्ममधला आमच्या नुकसानीचा रकाना कोराच होता.