फॅमिली प्लॅन

अमरावतीच्या राजापेठेतून कोणाचा पोरगा अमेरिकेला निघाला की सल्ल्यांना ऊत येतो. लोणचं किती न्यायचं, कुकर किती लिटरचा न्यायचा, बदनेऱ्याहून कोणती गाडी धरायची, सगळ्यांची मतं तयार असतात. १६ एप्रिल २०२५ पासून बेलोऱ्याहून मुंबईचं विमान सुरू झालं, तेव्हा त्यावरही दोन तट पडले. गाडी अडते ती एकाच प्रश्नावर. शेजारच्या काकू विचारतात, "तिकडे आपलं सिम चालते का रे बाबू?"

"रोमिंगवर चालते, पण लय महाग पडते."

"मंग तिथलं कोणतं घेशीन?"

इथं बाबू चूप.

चूप बसण्यासारखंच प्रकरण आहे. अमेरिकेत देशभर स्वतःचे टॉवर असलेल्या मोठ्या कंपन्या तीनच: व्हेरायझन, एटी अँड टी आणि टी-मोबाइल. स्प्रिंट नावाची चौथी होती, ती २०२० मध्ये टी-मोबाइलमध्ये विलीन झाली. पण दुकानात नावं दिसतात डझनावारी. ही मंडळी या तिघांचंच जाळं भाड्यानं घेतात आणि आपल्या नावानं स्वस्तात विकतात. मिंट मोबाइल त्यातलंच. रायन रेनॉल्ड्स या नटाची त्यात भागीदारी होती. २०२४ मध्ये टी-मोबाइलनं तेही विकत घेतलं.

बरं, महिनाअखेर बिल भरायचा पोस्टपेड घ्यावा, तर कंपनी आधी तुमची पत तपासते. राजापेठेत बापाचं नाव सांगितलं की किराणावाला उधारीची वही उघडतो. तिथं बापाला कोण ओळखतो? काल विमानातून उतरलेल्या पोराची पत कोरी, म्हणून पैसे आधी भरून प्रीपेड घ्यायचा. पुढचा पेच हातातल्या फोनचा. एटी अँड टीनं फेब्रुवारी २०२२ मध्ये थ्रीजी बंद केलं, आणि तिच्या मान्य यादीत नसलेला फोन तिथं चालेलच असं नाही. राजकमल चौकातून हौसेनं घेतलेला नवाकोरा फोन तिकडे नुसता फोटो काढायच्या कामाचा उरू शकतो.

या सगळ्यावर पोरांनी जो तोडगा काढला आहे, त्याचं नाव फॅमिली प्लॅन. एकट्यानं लाइन घेतली तर महाग. चार-पाच लाइनी एका खात्यावर घेतल्या तर माणशी खर्च बराच उतरतो. मग अमरावतीचा देशमुख, गुंटूरचा रेड्डी, सुरतेचा पटेल आणि लुधियानाचा सिंग असं एक कुटुंब तयार होतं. ज्याला आधी नोकरी लागली आणि ज्याची पत बसली, तो या कुटुंबाचा कर्ता. बिल त्याच्या कार्डावर येतं. तो ग्रुपवर बिलाचा फोटो टाकतो, दोघं लगेच पैसे पाठवतात, तिसरा नुसता अंगठा दाखवतो. मग आठवडाभर "अबे, पैसे टाक ना" चालतं. यथाकाल एकाचं लग्न ठरतं आणि तो वेगळा व्हायचं म्हणतो. नंबर दुसरीकडे न्यायचा तर कर्त्याच्या खात्यातूनच पिन काढावा लागतो, म्हणजे त्याचा रुसवा काढणं आलं, मागची बाकी चुकती करणं आलं. आपल्याकडे वाटणीला तलाठी लागतो, तिथं एका पिनवर भागतं, एवढाच फरक. ज्या देशात अठरा वर्षांची पोरं वेगळी बिऱ्हाडं करतात, तिथं एकत्र कुटुंब टेलिफोन कंपनीनं चालवावं, तेही सवलत देऊन, ही गंमतच.

पुढे आईबाबा सहा महिन्यांसाठी येतात आणि पाचवी लाइन जोडली जाते. पोरगा सांगतो, "बाबा, अनलिमिटेड आहे, कितीही बोला." बाबा मान हलवतात आणि दोन मिनिटांत म्हणतात, "ठेवतो बे, तुले बिल येईन." त्यांचं काही चुकत नाही. एसटीडी बूथमधल्या मीटरचे लाल आकडे पळताना ज्यानं पाहिले, रात्री दर उतरायची वाट पाहत जो रांगेत उभा राहिला, त्याला अनलिमिटेड या शब्दाचा भरवसा कसा वाटावा? २००३ पर्यंत तर आपल्याकडे आलेला मोबाइल कॉल घ्यायलाही पैसे पडत. शिवाय बाबांचं खरं लक्ष त्या नव्या नंबरावर नसतंच. पेन्शनच्या बँकेचा ओटीपी येतो अमरावतीच्या सिमवर. म्हणून जुना फोन उशाशी, चार्जरसकट. सकाळी चहाआधी तो पाहायचा, आणि आई विचारणार, "आला का हो?"

तेव्हा निघणाऱ्या बाबूला आमचं सांगणं थोडकं आहे. कंपनी जाहिरात पाहून घेऊ नको. ज्या गल्लीत राहणार तिथल्या शेजाऱ्याला रेंज विचार आणि ज्या खात्यावर भरवशाची माणसं आहेत त्यात शिर. आणि इथलं सिम मरू देऊ नको. ट्रायच्या नियमानं नव्वद दिवस न वापरलेला प्रीपेड नंबर बंद होऊ शकतो. खात्यात निदान वीस रुपये शिल्लक असले तर तो राखता येतो. वीस रुपयांत राजापेठेशी संबंध टिकत असेल, तर याहून स्वस्त प्लॅन अमेरिकेत कोणी देत नाही.