कार्ड कुणाकडे आहे?

जपानच्या सिग्मा कंपनीने २०२५ साली ‘बीएफ’ नावाचा कॅमेरा आणला आणि त्याला मेमरी कार्डाचा स्लॉटच ठेवला नाही. २३० जीबीची जागा कॅमेऱ्याच्या पोटातच. फोटो हवेत? वायर जोडा. आमच्या भाऊजींना ही कल्पना फार आवडली. “कार्ड हरवायची भानगडच मिटली,” म्हणाले. आजवर आमच्या घरात हरवलेलं प्रत्येक कार्ड शेवटचं त्यांच्याच हातात दिसलं होतं, तेव्हा त्यांच्या मताला अनुभवाचा आधार आहे.

कार्ड हरवतं, हे खरंच. एसडी कार्ड जेमतेम ३२ बाय २४ मिलिमीटरचं. मायक्रो एसडी तर १५ बाय ११. एवढ्याशा तुकड्यात बारसं, मुंज आणि अष्टविनायक सुखाने नांदतात, आणि तो तुकडा कुणीतरी ‘नीट’ ठेवलेला असतो. नीट ठेवलेली वस्तू आमच्याकडे सापडत नाही.

शिवाय कार्डांच्या जाती किती! १९९४ साली कॉम्पॅक्टफ्लॅश, १९९५ ला स्मार्टमीडिया, १९९८ ला सोनीची मेमरी स्टिक, १९९९ ला एसडी, २००२ मध्ये ऑलिंपस आणि फुजीफिल्मचं एक्सडी. आपसांत रोटीबेटी व्यवहार नाही. एसडीच्या कडेला लॉकची खिट्टी असते, पण तिचा आतल्या चिपशी काही संबंध नसतो. खिट्टी कुठे आहे ते कॅमेऱ्याने पाहायचं आणि आपणहून थांबायचं. ‘येथे वाहने लावू नयेत’ या पाटीचाही कारभार असाच चालतो.

तरी मी कार्डवाला. कारण लग्न. ॲपलच्या १९९४ सालच्या क्विकटेक १०० मध्येही कार्ड नव्हतं. पोटात १ एमबी, आणि ६४० बाय ४८० आकाराचे फोटो मावायचे फक्त ८. आपल्याकडे मामा मुलीला बोहल्यावर आणेपर्यंतच आठ संपतात. पुढच्या लग्नाला पुरावा नाही! आता २३० जीबीत हजारो फोटो मावतात, मान्य. पण पंगत बसलेली असताना आत्याला हॉलच्या पडद्यावर फोटो बघायचे असतात. कार्ड असलं की ते काढून देता येतं, दुसरं घालून जिलबी वाढतानाचे फोटो चालू राहतात. पोटातले फोटो द्यायचे म्हणजे वायर शोधा, नाहीतर कॅमेराच आत्याच्या स्वाधीन करा. आणि तो दुरुस्तीला गेला, की सगळं वऱ्हाड दुकानदाराकडे मुक्कामाला.

लायकाच्या एम११ मध्ये पोटात ६४ जीबी आहे आणि एसडीचा स्लॉटही आहे. शहाणपणाची सोय, पण त्या पैशात लग्नच उरकेल. तेव्हा सामान्य माणसाने दोन स्लॉटचा कॅमेरा बघावा, दोन्हींत एकाच वेळी फोटो उतरतील असं सेटिंग करावं, आणि कार्ड भाऊजींच्या हातात देण्याआधी सगळे फोटो आपल्या कॉम्प्युटरवर घ्यावेत.