वरच्या वयाची अट नाही

मुलं लहान असताना सहलीची बॅग भरणं सोपं असतं. त्यांचे कपडे, त्यांचा खाऊ, त्यांचं तापाचं औषध, त्यांची ती वाघाचं चित्र असलेली चादर, आणि मग उरलेल्या फटीत बापाचा एक शर्ट. आईला ती फटही मिळत नाही. अशा बॅगा वर्षानुवर्षं भरल्या की आपल्याला स्वतःला प्रवासात काय लागतं, हेच माणूस विसरून जातो. म्हणूनच बायकोने जेव्हा जाहीर केलं, की या खेपेला अटलांटाला लेकीकडे गेलो की तिथून आपण दोघंच ऑरलँडोला डिस्ने वर्ल्ड बघायला जायचं, तेव्हा मला व्हिसाची काळजी वाटली नाही. बॅगेची वाटली.

नातेवाइकांची काळजी वेगळी होती. “दोघंच? बरोबर लहान मूल नाही?” वहिनींनी फोनवर विचारलं. “अहो, नातवंड होईपर्यंत थांबा की जरा!” फोन स्पीकरवर होता आणि सुट्टीला आलेली लेक शेजारीच बसली होती. ती उठून आत निघून गेली.

मी वहिनींना समजावून सांगितलं, की ही जागा मुळात सुचली ती एका कंटाळलेल्या मोठ्या माणसाला. वॉल्ट डिस्ने आपल्या दोन मुलींना लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कात घेऊन जायचे. मुली मेरी-गो-राउंडवर फिरायच्या आणि हे बाकावर शेंगदाणे खात बसायचे. आईबापांना आणि मुलांना एकत्र मजा करता येईल अशी एखादी जागा का असू नये, हा विचार त्या बाकावर आला, असं त्यांनीच पुढे सांगितलं. वहिनींनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. “मग शेंगदाणे घेऊन जा,” त्या म्हणाल्या. आमच्या बॅगेतली पहिली वस्तू अशी ठरली.

पुढच्या दोन वस्तू इतिहासानेच सुचवल्या. कॅलिफोर्नियातलं पहिलं डिस्नेलँड उघडलं १७ जुलै १९५५ रोजी. त्या दिवशी ऊन इतकं कडक होतं, की ताज्या डांबरात बायकांच्या उंच टाचा रुतल्या. त्यात नळजोडणी करणाऱ्यांच्या संपामुळे काम अर्धवट राहिलेलं. पाणी पिण्याचे नळ चालू करायचे की शौचालयं, असा पेच पडल्यावर डिस्नेंनी शौचालयं निवडली. साठीकडे झुकलेला कुठलाही पुरुष या निर्णयाला मनापासून दाद देईल. आम्ही यातून बोध घेतला तो सपाट तळाच्या बुटांचा आणि पाण्याच्या बाटलीचा.

फ्लोरिडातलं डिस्ने वर्ल्ड १ ऑक्टोबर १९७१ ला सुरू झालं. वॉल्ट त्याआधीच, १९६६ मध्ये, गेले होते. स्वतःची निवृत्ती पुढे ढकलून ते काम तडीस नेलं थोरले बंधू रॉय यांनी, आणि उद्घाटनाच्या वेळी ते ७८ वर्षांचे होते. तेव्हा वयाचा मुद्दा तिथे पहिल्याच दिवशी निकालात निघाला आहे. राहता राहिला गुडघ्यांचा मुद्दा. सुमारे शंभर चौरस किलोमीटरचा पसारा, त्यात चार मोठी उद्यानं, आणि एकेका दिवसात दहा-पंधरा किलोमीटरची पायपीट. अशा ठिकाणी नवे कोरे बूट घालून जाणाऱ्याची कीव करावी. बूट चावायचे असतील तर ते आपल्या गल्लीत चावू द्यावेत, परदेशात नाही. म्हणून निघायच्या आधी महिनाभर आम्ही दोघंही घरात बूट घालून वावरत होतो. कामवाल्या मावशी लादी पुसताना जे बोलायच्या, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

दरम्यान लेकीने नियमांची यादी पाठवली. २४ इंच लांब, १५ इंच रुंद आणि १८ इंच उंच यापेक्षा मोठी बॅग चालत नाही. सेल्फी स्टिकला २०१५ पासून बंदी. घडीच्या खुर्च्या चालत नाहीत. सबब बायकोने खास गुडघ्यांसाठी आणलेलं घडीचं स्टूल बाद. बाहेरचं खाणं चालतं, पण ते गरम करावं लागणारं नको आणि काचेच्या बरणीतलं नको. काचेची सूट फक्त तान्ह्या मुलांच्या खाण्याच्या बाटल्यांना. “म्हणजे पोराची पेज चालते आणि माझं लिंबाचं लोणचं चालत नाही!” बायको म्हणाली. मोठ्या माणसांवरचा हा उघड अन्याय तिने प्लास्टिकच्या डबीत लोणचं काढून सोसला.

गरम करावं लागू नये, या अटीने मात्र तिची कळी खुलली. दुधात पीठ भिजवून केलेली दशमी तीन-चार दिवस टिकते, मऊ राहते आणि तिला गॅस लागत नाही, कढई लागत नाही. आपल्या आज्या-पणज्यांनी बैलगाडीच्या प्रवासासाठी जे शोधून काढलं, ते फ्लोरिडाच्या नियमावलीत चपखल बसलं. मग दशम्या लेकीच्या स्वयंपाकघरातच लाटायच्या, असं ठरलं. ठाण्याहून निघालं ते मेतकूट, दाण्याची चटणी, चिवडा आणि वहिनींचे शेंगदाणे. अमेरिकेत उतरताना हे सगळं कागदावर जाहीर करावं लागतं. आम्ही ते केलं, मेतकुटासकट.

खरा वाद पेटला तो किटलीवरून. अमेरिकेतल्या हॉटेलांच्या खोल्यांमध्ये बहुधा कॉफीचं यंत्र असतं, चहाची किटली नसते. बायकोला आपली किटली न्यायची होती. माझी हयात वीजमंडळात गेली आहे. मी सांगितलं, “अगं, तिकडे १२० व्होल्ट असतात. आपली किटली २३० ची. शक्ती निम्मी होते असं समजू नकोस. ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. जेमतेम पाव उरेल.”

“म्हणजे चहा होणारच नाही?”

“होईल की. चौपट वेळ लागेल.”

“मग चौपट आधी लावू,” ती म्हणाली आणि तिने किटली साडीत गुंडाळून बॅगेत ठेवली. तिथे रोज सकाळी ती उठल्याबरोबर किटली लावायची. दोघांच्या आंघोळी, देवाचं म्हणणं आणि माझं बूट शोधणं एवढं उरकेपर्यंत पाण्याला बरोबर उकळी आलेली असायची. वीजशास्त्रात संसाराचा गुणक धरलेला नसतो. फक्त पिना बदलून देणारा ॲडॉप्टर विसरू नका. तिकडची भोकं चपटी असतात.

औषधांचा डबा हे मोठ्यांच्या सहलीचं हृदय. गोळ्या मूळ वेष्टनात ठेवाव्यात आणि डॉक्टरांची चिठ्ठी बरोबर असावी, हे सगळे सांगतात. मी भर घालतो ती खोबरेल तेलाची. दमट हवेत दिवसभर चाललं की मांड्या घासून जे होतं, त्याची वाच्यता चारचौघांत कोणी करत नाही, आणि म्हणूनच ते कुठल्याही यादीत सापडत नाही. लहान बाटली, घट्ट झाकण. तसंच चष्म्याची दोरी. आपल्याकडे ती फक्त ग्रंथपालांच्या गळ्यात दिसते, पण रोलर कोस्टरवर ती नसेल तर चष्मा एका दिशेला जातो आणि आपण दुसऱ्या.

अशा प्रत्येक पाळण्याच्या दाराशी एक पाटी असते. रक्तदाब, हृदयविकार, पाठीचा किंवा मानेचा त्रास, गरगरणं, यांपैकी काही असल्यास बसू नये. मी ती पाटी मोठ्याने वाचली. बायको म्हणाली, “ही आपल्या फाइलची अनुक्रमणिका यांच्याकडे कशी आली?” पण त्याच पाटीवर कमीत कमी उंचीही लिहिलेली असते, स्पेस माउंटनला ४४ इंच. ती अट आम्ही दोघांनीही सहज पार केली. वरच्या वयाची अट मात्र कुठेच नव्हती. डॉक्टरांनी निघण्यापूर्वी तपासून “जा, पण बेताने” असं सांगितलं होतं, त्यातला पहिला शब्द धरून आम्ही स्पेस माउंटनमध्ये शिरलो. ही अंधारातली गाडी १९७५ पासून धावते आहे आणि तिचा वेग ताशी ४५ किलोमीटरच्या आसपास आहे. रात्री अकरानंतर घोडबंदर रोडवरची रिक्षा याहून जोरात जाते. फरक इतकाच, की इथे मांडीवर आडवा दांडा असतो. सगळी भीती अंधाराची आहे. आत दिवे लावले तर आम्ही केलेल्या आरडाओरड्याची आम्हालाच लाज वाटेल.

कपड्यांबाबत एक नियम लक्षात ठेवण्यासारखा आहे. चौदा वर्षं आणि त्यापुढच्यांना तिथे एरवी सोंग सजवून जाता येत नाही. खरी सिंड्रेला कोणती आणि तिकीट काढून आलेली कोणती, असा मुलांचा गोंधळ नको म्हणून. बायकोने नऊवारी नेली होती. ती सोंगात मोडते का, यावर आमच्यात बराच खल झाला. शेवटी तिने ती नेसली, कुणीही अडवलं नाही, उलट एक चिमुरडी सही मागायला आली. बायकोने तिला गोड हसून दोन शेंगदाणे द्यायला घेतले, तेव्हा मी तिचा हात धरला. तिथे कुणाच्या मुलाला दाण्याची ॲलर्जी असेल, सांगता येत नाही. बाकी पाळण्यासाठी नऊवारीसारखं वस्त्र नाही. पदर खोचला की वारा काही करू शकत नाही. ओढणीवाल्या बायका मात्र सारख्या ओढणी आवरत होत्या.

फ्लोरिडातल्या उन्हाची आम्हाला भीती घालण्यात आली होती. मे महिन्यात ठाणे स्टेशनाच्या पुलावर उभं राहिलेल्यांना कसलं ऊन दाखवता? त्रास झाला तो आतल्या एसीचा. घामाने भिजलेल्या माणसाला एकदम आत घेतात आणि थिजवतात. म्हणून एक शाल किंवा पातळ स्वेटर घ्याच. उन्हाळ्यात दुपारी तिथे हमखास गडगडाटी पाऊस येतो, विजा चमकल्या की उघड्यावरचे पाळणे थांबवतात आणि चित्रं छापलेले प्लास्टिकचे पोंचो विकायला येतात. आमच्याकडे स्टेशनबाहेर घेतलेले रेनकोट होते. छोटी मुलं घेऊन आलेली कुटुंबं हॉटेलकडे पळाली आणि आम्ही दोघं चिवडा खात आडोशाला उभे राहिलो. तासाभरात पाऊस थांबला, गर्दी पातळ झालेली होती. पोरं बरोबर नसण्याचा हा फायदा कुठल्याही माहितीपत्रकात छापत नाहीत.

रांगांची धास्ती आमच्या पिढीला घालू नये. रॉकेलच्या रांगेत डबा ठेवून घरी जेवून येणारी माणसं आम्ही. तिथे डबा ठेवून जाता येत नाही, एवढीच गैरसोय. त्यावर उपाय म्हणजे एकट्यांची वेगळी रांग. काही पाळण्यांवर रिकामी राहिलेली एकेक जागा भरायला ती असते आणि भराभर सरकते. नवरा-बायकोंना मात्र वेगवेगळं बसावं लागतं. तिथून खाली उतरणाऱ्या बऱ्याच जोडप्यांचे चेहरे खूप प्रसन्न दिसले.

ॲनिमल किंगडममध्ये मात्र आम्ही चक्रावलो. १९९८ साली उघडलेल्या या उद्यानात आनंदापूर नावाचं एक काल्पनिक आशियाई राज्य वसवलंय. पोपडे निघालेल्या भिंती, अर्धवट फाटलेल्या जाहिराती, लोंबणाऱ्या तारा, गंजक्या सायकली, सगळं मुद्दाम, खर्च करून. “अहो, हे बघायला आपण एवढं लांब आलो?” बायको म्हणाली. शेजारीच एव्हरेस्टची गाडी आहे, २००६ ची. तो डोंगर दोनशे फुटांना जरासा कमीच ठेवलाय, कारण त्याहून उंच झाला तर विमानांसाठी माथ्यावर लाल दिवा लावावा लागतो. आत एक अजस्र हिममानव आहे. सुरुवातीला तो हात उगारायचा. पण उद्घाटनानंतर काही महिन्यांतच त्याचं हलणं बंद झालं आणि तेव्हापासून नुसते दिवे लकाकवून तो हलल्याचा भास करून देतात. मला तो एकदम घरचा वाटला.

एपकॉट या उद्यानातल्या तळ्याभोवती अकरा देशांची दालनं आहेत. मोठ्या माणसांमध्ये तिथे देशोदेशी एकेक पेला रिचवत प्रदक्षिणा पुरी करायची प्रथा आहे. भारताचं दालन नाही. म्हणून जपान आणि मोरोक्को यांच्यामधल्या एका बाकावर आम्ही दशमी, चटणी आणि प्लास्टिकमधलं लोणचं काढून बाराव्या देशाची सोय केली. काउंटरवर मागितलं की बर्फाचं पाणी फुकट मिळतं. जेवून झाल्यावर मी मेतकुटाची डबी बॅगेत ठेवली आणि आत एकदा नीट पाहिलं: खाऊ, औषध, जादा मोजे, टॉवेल, रेनकोट. मुलं लहान असतानाची हीच यादी होती. नावं तेवढी आमची आली होती.

तेव्हा जायचं असेल तर नातवंडाची वाट बघू नका. त्याच्या आईबापांवरही त्याचा ताण येतो. घरात महिनाभर मुरवलेले बूट घ्या, गोळ्या, खोबरेल तेल, चष्म्याची दोरी, रेनकोट आणि शाल घ्या, लोणचं प्लास्टिकमध्ये भरा. आणि तासभर रांगेत उभं राहिलं तरी ज्याच्याशी बोलायचे विषय संपत नाहीत, असं एक माणूस बरोबर घ्या. ते तिथे मिळत नाही. बाकी काहीही विसरलात तरी चालेल, आत सगळं मिळतं, दुप्पट भावाने.