पुढचा अ‍ॅक्सल हवा आहे

ह्यूस्टनमध्ये चढ हवा असेल तर फ्लायओव्हर गाठावा लागतो. अशा गावात मी १९८८ची फोर्ड एफ-२५०, फोर व्हील ड्राइव्ह, बाळगून आहे आणि तिला आणखी दणकट पुढचा अ‍ॅक्सल हवा या विचारानं माझी झोप उडाली आहे. या पिकअपनं आजवर वाहिलेला सर्वांत अवजड माल म्हणजे मंडळाच्या गणपतीचं मखर. थर्मोकोलचं.

माझ्या गाडीचा पुढचा अ‍ॅक्सल कारखान्यातूनच दुभंगलेला आला आहे. दोन बीम, प्रत्येक चाक आपल्या मर्जीनं वरखाली. टायर आतल्या कडेला झिजतात आणि अलाइनमेंटवाला मला पाहिलं की जेवायला जातो. त्याच काळातल्या एफ-३५०ला मात्र १९८६पासून अखंड अ‍ॅक्सल, डाना ६०! त्याचा क्राउन गिअर पावणेदहा इंचांचा, माझा नऊचा. या पाऊण इंचासाठी मी दोन-अडीचशे किलो लोखंड घरी आणायला निघालो, तेव्हा बायकोनं विचारलं, "अरे, पण आपल्याला जायचंय कुठे?"

जायचं कुठेच नाही. पार्किंगमध्ये कोणी "पुढे काय बसवलंय?" असं विचारलं, तर "सिक्स्टी" एवढंच म्हणून चालू पडायचं आहे. आवाज कसा ठेवायचा, तेही ठरलं आहे.

स्थळं येतात, पण पत्रिका जुळत नाही. ऐंशीच्या दशकातल्या शेवरलेचा डाना ६० पाहावा, तर डिफरन्शियल उजवीकडे आणि माझा प्रॉपेलर शाफ्ट डावीकडून येतो. १९९९नंतरच्या सुपर ड्यूटीचा घ्यावा, तर चाकाचे आठ बोल्ट १७० मिलिमीटरच्या वर्तुळावर, माझे साडेसहा इंचांच्या. म्हणजे स्टेपनीसुद्धा दोन ठेवा. सगळं जमलं तरी मागे ३.५५ आणि पुढे ४.१० असा रेशो निघाला की संपलं. डांबरी रस्त्यावर फोर व्हील लावताच पुढची चाकं मागच्यांशी भांडणार आणि मार ट्रान्सफर केस खाणार.

किंगपिनबद्दल मात्र जरा सविस्तर बोलू द्या; मंडळात कोणी ऐकून घेत नाही. १९९१पर्यंतच्या डाना ६०चं चाक वळवणारं नकल बॉल जॉइंटवर फिरत नाही, किंगपिनवर फिरतं. खाली टेपर रोलर बेअरिंग. वर शंकूसारखा जाडजूड खुंट, त्यावर बुश, त्यावर जाड स्प्रिंग आणि सगळ्यावर चार बोल्टचं झाकण. हे बोल्ट एकाआड एक, सावकाश सोडायचे, कारण आत स्प्रिंग दबा धरून बसलेली असते. खुंट परत बसवताना टॉर्क लागतो पाचशे ते सहाशे फूट-पाउंड. शेजारच्या आजोबांच्या एफ-३५०चं हे काम निघालं तेव्हा त्यांनी पान्याला लांब पाइप घातला, मला आपादमस्तक न्याहाळलं आणि त्यावर लटकायला सांगितलं. माझ्या वजनाची अशी कदर घरी कधी झाली नव्हती.

डिफरन्शियलचं झाकण उघडलेलं मी पहिल्यांदा पाहिलं तेही त्यांच्याच गॅरेजात. मी मेकॅनिकल इंजिनिअर आहे. कॉलेजात याच डिफरन्शियलचा उभा छेद हॅचिंगसकट काढून मी उत्तम मार्क मिळवले होते. पण आमच्या घरी सायकलची चेन चढवली तरी "आधी हात धू" हे ऐकावं लागे. काळे हात म्हणजे शिक्षण वाया. गल्लीच्या तोंडाशी गॅरेज होतं. तिथला माझ्याच वयाचा मुलगा गिअरबॉक्स बोलता बोलता जोडायचा. त्याला सगळे "ए" म्हणून हाक मारत आणि मला, ज्याला नट कुठल्या बाजूनं सुटतो तेही ठाऊक नव्हतं, "इंजिनिअरसाहेब". याची मला अजून चीड येते. त्या हाकेवर मी खूश व्हायचो, याची तर जास्तच.

असो. टेक्सासातल्या कोणा वाचकाला भंगारात १९८६ ते १९९१च्या एफ-३५०चा पुढचा अ‍ॅक्सल दिसला, तर टॅगवरचा रेशो वाचून कळवावं. ३.५५ असेल तरच. पाटे, त्यांचे हँगर आणि स्टीअरिंगचे दांडे सोबत हवेत, सुटा अ‍ॅक्सल नको. हँगरचे रिव्हेट कापायला मी स्वतः येईन.