अस्सल अर्थाचे व्रत: विधी आणि उद्यापन

चारचौघांत विद्वान ठरायला इंग्रजी चांगले यावे लागत नाही. शब्दाचा ‘मूळ अर्थ’ तेवढा ठाऊक असला की भागते. आरंभ ‘डेसिमेट’ने करावा. पुराने अमुक गाव ‘डेसिमेट’ झाले असे कोणी म्हणाले, की चष्मा पुसत विचारावे, दहांतला नेमका एकच गेला का हो? कारण शब्द रोमन सैन्यातला आहे. कच खाल्लेल्या तुकडीत चिठ्ठ्या टाकून दर दहांतला एक शिपाई मारला जाई, तोही त्याच्याच सोबत्यांच्या हातून. एवढे ऐकवले की बैठक गप्प होते आणि गाव वाहून गेल्याचा विषय मागे पडतो. ही या व्रताची पहिली सिद्धी.

पण व्रत घेतले की ते पुरते पाळावे. एका शब्दाला सोवळे नेसवायचे आणि बाकीच्यांना मोकळे सोडायचे, हे काही खरे नाही. तेव्हा उद्यापासून कोणाच्या स्वयंपाकाला ‘नाइस’ म्हणू नये. लॅटिनमधल्या ‘अजाण’ अर्थाच्या शब्दापासून निघालेला हा शब्द सुमारे सातशे वर्षांपूर्वी इंग्रजीत शिरला तो ‘मूर्ख’ म्हणून. पुढे चोखंदळ, काटेकोर, नाजूक अशी वळणे घेत अठराव्या शतकात तो ‘छान’पाशी पोचला. जेन ऑस्टिनच्या ‘नॉर्थँगर ॲबी’त हेन्री टिल्नी याच सैल ‘नाइस’ची टर उडवतो, म्हणजे आपल्या व्रताला चांगला पूर्वज आहे. ‘सिली’चा प्रवास उलटा: आधी धन्य, मग निष्पाप, मग बिचारा, शेवटी खुळा. ‘गर्ल’ म्हणजे मूल, मग तो मुलगा का असेना. ‘व्हिलन’ म्हणजे जमीनदाराच्या शेतावर राबणारा कुळवाडी. आणि ‘मीट’ म्हणजे कोणतेही अन्न. १६११च्या इंग्रजी बायबलात देव माणसाला झाडपाला आणि फळे खायला देतो, तीही ‘मीट’ म्हणूनच. तेव्हा एकादशीला साबुदाण्याच्या खिचडीला ‘मीट’ म्हणायची तयारी असेल, त्यानेच पुढे वाचावे.

भारदस्तपणासाठी ‘दाउ’ वापरायचा मोह अनेकांना होतो. शब्द बायबल-शेक्सपियरच्या सहवासातला, त्यामुळे तो राजेशाही वाटतो. इथे इंग्रजाला जे शिकवावे लागते ते मराठी माणसाला उपजत कळते: ‘दाउ’ म्हणजे ‘तू’, आणि ‘यू’ म्हणजे ‘तुम्ही’. देवाला ‘दाउ’ म्हणत ते आपण विठोबाला ‘तू’ म्हणतो त्याच नात्याने. माणसांत मात्र हिशेब वेगळा होता. १६०३ साली वॉल्टर रॅलेवर राजद्रोहाचा खटला चालला तेव्हा सरकारपक्षाच्या एडवर्ड कोकने भर न्यायालयात त्याला मुद्दाम ‘दाउ’ म्हटले, आणि आपण तसे म्हणतो आहोत हेही बजावले. सरळ अरे-तुरेच. पुढे क्वेकर पंथीयांनी सगळ्यांनाच, अगदी न्यायाधीशांनाही, ‘दाउ’ म्हणायचा नेम धरला आणि त्यापायी मार खाल्ला. अशा शब्दाने लग्नपत्रिका सजवली, तर पाहुण्यांना ‘ये रे जेवायला’ म्हटल्यासारखे होईल.

यावर आक्षेप येईल की मग काय, कोणत्याही शब्दाचा काहीही अर्थ घ्यायचा? तसे नाही. अर्थ सालावर ठरतो, कुळावर नाही. मला जो ‘लेट’ करील त्याचे भूत करीन, अशा आशयाची धमकी हॅम्लेट देतो. तिथे ‘लेट’चा आजचा ‘जाऊ देणे’ हा अर्थ घेतला तर राजपुत्र वाट देणाऱ्यावरच उठतो. तिथे अर्थ ‘अडवणे’ हाच, आणि टेनिसमध्ये सर्व्हिस जाळीला घासून पलीकडे पडली की जो ‘लेट’ पुकारतात त्यात तो अजून तग धरून आहे. जुना अर्थ जुन्या मजकुरात हवाच. आजच्या बोलणाऱ्याच्या तोंडात तो कोंबायचा नाही. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाने, ज्याचे भाग १८८४ ते १९२८ निघत राहिले, प्रत्येक अर्थाखाली सालवार उतारे दिले ते यासाठीच.

निदान आता तरी कोणी भाषेला लगाम घालावा, असेही म्हणतील. तो सॅम्युएल जॉन्सनने घालून पाहिला. १७४७च्या आराखड्यात त्याला इंग्रजी स्थिर करायची उमेद होती; १७५५ साली कोश हातावेगळा करताना प्रस्तावनेत त्याने ती सोडून दिली. आणि हे इंग्रजीचेच खूळ आहे असेही नाही. ‘डिअर’ एके काळी कोणतेही जनावर होते, नंतर हरिणापुरते उरले. आपला ‘मृग’ही त्याच वाटेने गेला. म्हणून तर सिंह मृगेंद्र आणि माकड शाखामृग!

इतके होऊनही व्रत सोडवत नसेल, तर उद्यापन ‘डिसेंबर’ने करावे. ‘डेसिमेट’मधला ‘दहा’च त्यात बसला आहे. तेव्हा नाताळची रजा दहाव्या महिन्यात, म्हणजे ऑक्टोबरात मागावी. अर्जात साहेबांना ‘नाइस’ म्हणायला हरकत नाही, अर्थातच मूळ अर्थाने.