कोऱ्या पुरवण्या

पोलीस भरतीच्या उमेदवाराला सोळाशे मीटर धावावं लागतं, गोळा फेकावा लागतो आणि त्याआधी अडीच-तीन हजारांचा डबा उचलावा लागतो. ही तिसरी चाचणी भरतीच्या जाहिरातीत नसते; ती जिमच्या सरांनी सक्तीची केली आहे. सरांचा सल्ला फुकट असतो, डबा मात्र सरांकडूनच घ्यावा लागतो.

डबा काळा, झाकण सोनेरी, वर कुण्या परदेशी पैलवानाचा दंड. झाकण उघडलं तरी चमचा सापडत नाही, तो पावडरीच्या तळाशी गाडलेला असतो. मनगटापर्यंत हात घालून तो उपसणं हा पहिला व्यायाम. डब्यावर लिहिलंय, एका चमच्यात 24 ग्रॅम प्रोटीन. लिहिलंय म्हणजे असणारच!

हाच गडी रात्री मेसमध्ये वाटी ढवळत विचारतो, “मावशी, आज डाळ घालायची राहिली का?”

2024 साली ‘मेडिसिन’ या नियतकालिकात भारतात विकल्या जाणाऱ्या 36 प्रोटीन पावडरींची तपासणी प्रसिद्ध झाली. सुमारे 70 टक्के पावडरींत प्रोटीनचा आकडा आणि आतला माल यांचा मेळ बसला नाही. काहींत तर छापलेल्याच्या निम्मंच प्रोटीन होतं. काहींत बुरशीचं विष आणि कीटकनाशकाचे अंशही सापडले, ते मात्र लेबलवर नव्हते. तरीही डाळ पातळ करणाऱ्या मावशींची मेस पोरं बदलतात आणि पावडर पातळ करणाऱ्या कंपनीला पाच तारे देतात.

यातली युक्ती मोठी नामी आहे. प्रयोगशाळा बऱ्याचदा प्रोटीन थेट मोजत नाही, नायट्रोजन मोजून त्यावरून हिशेब करते. मग ग्लायसिन, टॉरिन असली स्वस्त अमिनो आम्लं ढकलली की आकडा टरारून फुगतो. परीक्षकाने पानं मोजून गुण द्यावेत आणि पोराने कोऱ्या पुरवण्या बांधत सुटावं, त्यातला प्रकार.

अभ्यासिकेतल्या मुलीही मागे नाहीत. परीक्षा पुढे ढकलली गेली की केस गळतात, केस गळले की बायोटिनच्या गोळ्या सुरू होतात. जास्त मात्रेतल्या बायोटिनमुळे थायरॉइडचा रिपोर्ट चुकीचा येऊ शकतो. म्हणजे लोकसेवा आयोगाचं वेळापत्रक बिघडलं म्हणून थायरॉइडही बिघडलेला दिसणार! रक्त तपासून डॉक्टरांनी लिहून दिलेल्या गोळ्यांशी आपलं भांडण नाही. पण इथे डॉक्टर म्हणजे रील आणि तपासणी म्हणजे रूममेटचा अंदाज.

आता थोडं अंकगणित, स्पर्धा परीक्षेला उपयोगी पडेल. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या हिशेबाने प्रौढ माणसाला वजनाच्या दर किलोमागे दिवसाला 0.83 ग्रॅम प्रोटीन पुरतं. साठ किलोच्या पोराला झालं पन्नास ग्रॅम. व्यायाम करणाऱ्याला थोडं वाढवून द्या. अंड्यात सहा ग्रॅम, शंभर ग्रॅम शेंगदाण्यात पंचवीस. याच संस्थेने 2024च्या आहार मार्गदर्शिकेत प्रोटीन पावडरी टाळा म्हणून सांगितलंय. पण त्या पुस्तिकेवर कुणाचा दंड छापलेला नाही, मग वाचणार कोण?

पोराचा बाप गावाकडे हरभरा पिकवतो. 2025-26च्या रब्बी विपणन हंगामाचा हमीभाव होता क्विंटलला 5650 रुपये. तो हातात पडला तर. म्हणजे लेकाचा एक किलोचा डबा यायला बापाचा अर्धा क्विंटल हरभरा जातो. त्या अर्ध्या क्विंटलात प्रोटीन नऊ-दहा किलो. डब्यात, लेबल खरं धरलं तरी, किलोच्या आतच. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात; इथे पिकतं तिथे कुणी खातही नाही.

“पण काका, हरभऱ्याचं प्रोटीन कम्प्लीट नसतं,” पोरगं सांगतं. बरोबर आहे. ते पोळीबरोबर किंवा भाताबरोबर पूर्ण होतं, आणि उसळ-पोळी तर त्याच्या ताटात रोज असते.

तेव्हा कृषी खात्याला एक सूचना. हमीभावाचं राहू द्या. हरभरा दळा, चॉकलेटचा वास मारा, काळ्या डब्यात भरा आणि चमचा तळाशी पुरा. वर माल अस्सल असल्याचा, खरवडून बघायचा कोड लावा. एका हंगामात माल खपेल. पोरगं स्वतःच्याच शेतातला हरभरा तीन हजार रुपये किलोने ऑनलाइन मागवेल आणि पैशांसाठी बापाला फोन करेल.