मिसळीच्या गल्ल्यावर कोणतं कार्ड?

रविवारी सकाळी नऊनंतर नाशिकच्या गंगापूर रोडच्या बाजूला मिसळ खायला निघालात, तर बसायला जागा मिळत नाही. काळ्या मसाल्याचा रस्सा, पापड, दही, शेवटी जिलबी. गल्ल्यावर क्यूआरचा स्टँड आणि शेजारी बडीशेपेची वाटी. स्वाइप मशीन असलंच तर ड्रॉवरमध्ये, चार्जिंग उतरलेलं. आणि याच नाशकात मॉलच्या दारात क्रेडिट कार्डांचं टेबल टाकून बसलेला मुलगा सांगतो, "सर, डायनिंगवर दहा टक्के कॅशबॅक."

कुठल्या डायनिंगवर, हे त्याला विचारा. माझं सगळं म्हणणं या एका प्रश्नात आहे.

टक्क्यांवर भाळून कार्ड घेणारे माझ्या ओळखीत डझनभर आहेत. आपण महिनाभर कुठे आणि कसं खातो, हे आधी मांडून पाहणारा त्यांत एकही नाही. सकाळची मिसळ क्यूआरवर, मेन रोडवर सायंताराचा साबुदाणा वडा उभ्याउभ्या, मुलांसाठी आठवड्यात एकदा अ‍ॅपवरून ऑर्डर आणि महिन्यातून एखादं घरच्या सगळ्यांचं हॉटेल. नाशिकच्या मध्यमवर्गीय घराचं बाहेरचं खाणं साधारण असं असतं. कार्ड यातल्या कशाकशावर पैसे परत देतं, ते बघा.

2022 साली एसबीआयचं कॅशबॅक कार्ड आलं, ते ऑनलाइन खर्चावर 5 टक्के आणि समोरासमोरच्या खर्चावर 1 टक्का या बोलीवर. पुढच्या वर्षी स्विगी आणि एचडीएफसीचं आलं. त्यात स्विगीच्या ऑर्डरवर 10 टक्के. म्हणजे घरी मागवलं तर भरघोस, हॉटेलात जाऊन बसलं तर किरकोळ. त्यात अ‍ॅपवरचा दर बऱ्याचदा मेनूकार्डापेक्षा चढा, वर पोहोचवण्याचे पैसे वेगळे. जास्तीचे दिलेले पैसेच परत घेऊन खूश व्हायचं, हे मला पटत नाही.

मग गल्ल्यावरच्या क्यूआरचं काय? सप्टेंबर 2022 पासून रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येतं. व्हिसा, मास्टरकार्ड नाही. म्हणून नाशिकच्या खवय्यानं पहिला प्रश्न विचारावा तो हा, की कार्ड रुपेचं आहे का? दुसरा, क्यूआरवरच्या खर्चाला कॅशबॅक धरतात का आणि किती? पुष्कळ कार्डांत तो दर कमी असतो किंवा नसतोच, आणि ते बारीक अक्षरांत असतं. आणखी एक. मालकानं गल्ल्यावर स्वतःच्या नावाचा घरगुती क्यूआर लावला असेल, तर रुपे क्रेडिट कार्डही तिथं चालत नाही; धंद्याच्या नावानं नोंदलेला क्यूआरच लागतो.

मशीनवरही गफलत होते. प्रत्येक दुकानाच्या नोंदीला चार आकडी कोड असतो. 5812 म्हणजे रेस्टॉरंट, 5814 फास्ट फूड, 7011 लॉजिंग. कॅशबॅक या कोडावर ठरतो. गेल्या दिवाळीत शहराबाहेरच्या एका हॉटेलात आम्ही घरातले नऊ जण जेवलो. बिल सहा हजारांच्या पुढे. पुढच्या स्टेटमेंटमध्ये त्या ओळीसमोर कॅशबॅक शून्य. फोन केला तेव्हा पलीकडच्या मुलीनं शांतपणे कोड वाचून दाखवला: 7011. वर खोल्या होत्या आणि मशीन त्या खात्यावर होतं. आम्ही शेवभाजी खाल्ली होती, नोंद मुक्कामाची झाली. द्राक्षबागांतल्या रिसॉर्टवर जेवायला जाताना हे डोक्यात असू द्या.

आता फीचं गणित. वर्षाची फी 500 असेल तर 18 टक्के जीएसटीसह 590. पाच टक्के कॅशबॅकनं एवढे परत यायला वर्षाला 11,800 रुपयांचं खाणं लागतं, तेही धरल्या जाणाऱ्या ठिकाणी. तिथून पुढे कमाई सुरू. कॅशबॅकची दर महिन्याची कमाल मर्यादाही विचारा. ती हजार रुपये असेल, तर 10 टक्क्यांच्या कार्डावर दहा हजारांपुढचं जेवण तुमचं तुम्ही जेवलात.

आणि बिल पूर्ण भरायची सवय नसेल, तर हे सगळं वाचायची गरजच नाही, कार्ड घेऊ नका. मी हे मनापासून सांगतोय. आठ हजारांवर पाच टक्क्यांनी 400 रुपये मिळतात. "किमान रक्कम" भरून बाकी पुढे ढकलली, तर महिन्याला पावणेचार टक्क्यांनी 300 रुपये व्याज, त्यावर जीएसटी 54. एका महिन्यात 354 गेले. शिवाय थकबाकी असेपर्यंत नव्या खरेदीलाही बिनव्याजी मुदत मिळत नाही. आज खाल्लेल्या मिसळीवर आजपासून व्याज.

चुकीचं कार्ड आधीच घेतलं असेल, तर अडकून पडू नका. बाकी फेडून बंद करायला सांगितलं, की रिझर्व्ह बँकेच्या 2022 पासूनच्या नियमांप्रमाणे सात कामाच्या दिवसांत ते बंद व्हायला हवं. उशीर झाला तर बँकेनं तुम्हाला दिवसाला 500 रुपये द्यायचे असतात. त्या दिवाळीच्या जेवणाचं कार्ड मी असंच बंद केलं. पाचव्या दिवशी मेसेज आला. तेव्हापासून मिसळीचे पैसे बचत खात्यातून, क्यूआरवर.